गाळून दिलेलं पाणी

माझे सासरे पाणी द्यायचे ते दोन्ही हातांनी. पाहुणा असो, वायरमन असो, नाहीतर मतं मागत फिरणारं टोळकं असो. आधी तांब्या विसळायचा, मग त्याच्या तोंडावर धोतराचं दुहेरी फडकं धरून घागरीतलं पाणी गाळून घ्यायचं आणि मगच तांब्या पुढे करायचा. घरात नळ आला, फिल्टर बसला, तरी फडकं काही हललं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा म्हटलं, "मामा, अहो फिल्टरचं पाणी परत कशाला गाळायचं?" तर म्हणाले, "मशीननं मशीनचं काम करावं. आपलं आपुन करायचं." आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. आत्या आतून हसल्या. त्या फडक्यापुढे त्यांनी कधीच हात टेकले होते.

मामा फौजेतून निवृत्त झालेले. आष्ट्याच्या बाजूला गाव, थोडा ऊस, आणि दारात एक खिलार गाय. पांढरीशुभ्र, शिंगं अशी की दृष्ट लागावी. कालवड होती तेव्हापासून मामांनी वाढवलेली. मामांचा आवाज दुरून ऐकला तरी ती दाव्याला हिसडे द्यायची. माझा नवराही फौजेतच, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. म्हणून मी आठवडाभर सांगलीला विश्रामबागेत भाड्याच्या खोलीत राहते आणि रविवारी गावाला जाते. विश्रामबागेतल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्यातलं शेवाळ तपासते. हे सांगितलं की लोक कीव आल्यासारखं बघतात. एवढं शिकून शेवाळ! मी आता उत्तर द्यायचं सोडलंय.

मी मूळची वाईची. शिक्षण संपल्यावर काही वर्षं कोकणात खाडीच्या पाण्यावर काम केलं. समुद्रात काही शेवाळं अशी असतात की ती माजली की तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांत विष उतरतं आणि खाणाऱ्याला भोगावं लागतं. पंचाईत अशी की विषारी आणि साधं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सारखंच दिसतं, जुळ्या बहिणींसारखं. मग त्याच्या पोटातलं जनुकच शोधावं लागतं. पाणी अगदी बारीक छिद्रांच्या कागदातून ओढायचं, कागदावर जे राहील त्यातून डीएनए काढायचा आणि विष तयार करणारं जनुक त्यात आहे का ते पीसीआरच्या यंत्राला विचारायचं. कोरोनात सगळ्यांच्या नाका-घशातलं ज्यात तपासत होते, तसलंच यंत्र. जनुक असेल तर पडद्यावरची रेघ वर चढते, नसेल तर आडवी झोपून राहते. लग्नानंतर समुद्र सुटला, रेघ काही सुटली नाही. गोड्या पाण्यातही निळं-हिरवं शेवाळ असतं, त्यातलं काही विषारी. ते विष यकृतावर जातं, आणि पाणी उकळलं तरी जात नाही.

मागच्या एका उन्हाळ्यात आमचं गावतळं हिरवं झालं. तसं ते दरवर्षी थोडंफार व्हायचंच. उसाला टाकलेली खतं पाण्याबरोबर तळ्यातच येणार, दुसरीकडे कुठे जाणार? पण त्या वर्षी कालव्याचं पाणी लांबलं, वारा पडला, आणि तळ्यावर दुधावर धरावी तशी हिरवी साय धरली. गावातली निम्मी जनावरं त्या तळ्यावर पाणी पितात. मामांची गायही. आणि ती तेव्हा गाभण होती, दिवस भरत आलेले. रविवारी गेले तेव्हा मी ते हिरवं बघितलं.

मी सरळ पदर खोचला आणि घाटावर उतरले. जिथं साय जाड होती तिथंच बाटली बुडवली. कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, फौजीची सून घाण भरतीया!" आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला त्याचं काही नाही, कोकणात मी गुडघाभर चिखलात उभी राहिलेली बाई आहे. पण मामा वर उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच खाकरले. घरी येताना म्हणाले, "पोरी, काम हाय ते करायलाच पायजे. पर म्होरच्या खेपंला तू उतरू नगं. लोक म्हणतील, सासऱ्यानं सुनंला चिखलात घातली."

"मग दर आठवड्याला नमुना कोण भरणार मामा?"

"मी हाय की. ड्यूटी समज."

माझ्या त्या बाटलीची रेघ सरसर वर चढली. विषाचं जनुक होतं, आणि भरपूर होतं. ग्रामपंचायतीनं तळ्यावर फलक लावला, दोरी बांधली. ग्रामसभेत मला बोलायला लावलं. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की अजून नकोसं होतं. मी म्हटलं, नुसतं हिरवं म्हणजे विष नव्हे. हिरव्यातही साधं असतं. डोळ्यांवर जाऊ नका, तपासणीवर जा. सलग दोनदा नमुना चांगला आला की तळं खुलं करू. सगळं बरोबर होतं. आजही मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मामा मागच्या रांगेत ताठ बसले होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

तळं बंद म्हणजे गावाच्या जिवाला घोर. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि जनावराला एका दमात बादल्याच्या बादल्या लागतात. पारावर मामांना टोमणे सुरू झाले. "फौजी, सुनंनं तळ्याला कुलूप घातलं की वं!" मामा म्हणायचे, "कुलूप न्हाई गड्या, बंदोबस्त हाय." आणि घरी येऊन गायीसाठी आडावरनं पाणी शेंदायचे. आत्या म्हणायच्या, आवं कंबर जाईल. पण बाई, त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. सुनेच्या कामाला आपण लागलो याचाच त्यांना केवढा आनंद!

त्या दिवसांत प्रयोगशाळेत रविवारीही काम होतं, गावाला जाणं होत नव्हतं, म्हणून मी त्यांना फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. जनावरं पितात तिथलंच पाणी. वरचंच, खोलातलं नको. हातमोजे घालायचे. बाटली धुवायची नाही, ती आधीच निर्जंतुक आहे. भरली की लगेच बर्फात. मामा ऑर्डर घेतल्यासारखं प्रत्येक वाक्य म्हणून दाखवायचे. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन ते सांगलीला यायचे, तिथून सिटी बसनं विश्रामबागेत. पेटी बसमध्ये खाली कधी ठेवली नाही. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढायचे. कितीदा सांगितलं, मामा, राहू द्या, इथं सगळे चपला घालूनच येतात. "आसू दे," म्हणायचे. आणि पेटीतून बाटली काढून माझ्यापुढे करायचे ती दोन्ही हातांनी. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना त्याचं फार कौतुक. मामा आले की त्या स्वतः चहा सांगायच्या.

मामांची पहिली बाटली मी कागदातून ओढली तर कागद जवळजवळ पांढराच राहिला. रेघ आडवी. शेवाळाचाच अंश जेमतेम, मग विषाचं कुठून दिसणार? मी मनात म्हटलं, शेवाळ मरून खाली बसलं असेल, असं होतं कधीकधी. तरी मामांना विचारलं, तळं कसं दिसतंय? म्हणाले, "कडंला हिरवं हाय अजून. पर आतलं पानी झकास हाय, एकदम निवळ." पुढच्या आठवड्याची बाटलीही तशीच. पांढरा कागद, झोपलेली रेघ. मला तर नाचावंसं वाटलं. मॅडमनी सही केली आणि अहवालात नेहमीचं वाक्य गेलं, नमुन्यात विष निर्माण करणारं जनुक आढळलं नाही. नमुन्यात. गावानं ते तळ्यात असं वाचलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीही तसंच वाचलं.

दोरी सोडली त्या सकाळी मी सांगलीत होते. जे घडलं ते मला आत्यांनी सांगितलं. माणसं जनावरं घेऊन आली, पण घाटाला हिरवी साय तशीच लागलेली बघून थबकली. कुणीतरी म्हणालं, फौजी, ह्ये तर हिरवंच हाय. मामा म्हणाले, "हिरवं म्हंजे इख न्हवं. माझ्या सुनंनं तपासलंय. मी सोता नेलेलं पानी हाय ते." तरी कुणी पुढं होईना. मग मामांनी आपल्या गायीचं दावं धरलं, गर्दीतून वाट काढली आणि तिला सगळ्यांच्या देखत घाटावर उतरवली. बिचारी चारा खाऊन आलेली, तहानलेली. सायीत तोंड घालून पोटभर प्याली. मामा तिच्या पाठीवर थाप मारून लोकांकडे बघून हसले. तेवढ्यात कालव्याला पाणी सुटल्याची बातमी आली आणि बाकीची माणसं तिकडं वळली. नाहीतर त्या दिवशी किती दावणी रिकाम्या झाल्या असत्या देव जाणे.

संध्याकाळी गाय बसली ती उठेना. आत्यांचा फोन आला. मी मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जनावरांचे डॉक्टर हात धूत होते. यकृत सुजून रक्तानं भरलंय म्हणाले. वासरूही गेलं. मामा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते, मांडीवर नुसतं दावं. मला बघून उठले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, बोलावं, शिव्या द्याव्यात. तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नगं पोरी. तुझा दोष न्हाई. मशीन चुकली आसंल." आणि बाहेर जमलेल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, "सुनंला कुनी काय बोलायचं न्हाई."

मशीन चुकलं? माझं डोकंच फिरलं. यंत्र असं चुकत नाही. चुकलं असतं तर माझी पहिली रेघ कशी चढली? सकाळी उठले, पेटी घेतली आणि तरातरा तळ्यावर गेले. मागून पावलं वाजली. मामा येत होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दाढीचे खुंट वाढलेले, पण हातात हातमोजे. "आण, मी भरतो," म्हणाले. नको म्हणायचं माझ्या जिवावर आलं. बाटली त्यांच्या हातात दिली आणि वर उभी राहिले.

मामा घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले. तळहातानं हिरवी साय हळूहळू बाजूला केली, इकडून एकदा, तिकडून एकदा, विहिरीवर घागर बुडवताना वरचा पालापाचोळा सारतात तशी. खालचं पाणी दिसायला लागलं. मग सदऱ्याच्या खिशातून धोतराचं धुतलेलं फडकं काढलं, दुहेरी केलं, बाटलीच्या तोंडावर ताणून धरलं आणि ओंजळी-ओंजळीनं पाणी आत सोडलं. बाटली भरली. उन्हात धरून बघितली आणि वळून माझ्यापुढे केली. दोन्ही हातांनी.

मी म्हटलं, "मामा, हे असंच भरत होता दर वेळी?"

"मग कसं? तू सांगितल्यावानी. वरचंच पानी घेतलं, जनावरं पित्यात तितलं. बाटली धुतली न्हाई."

"अहो, पण ते फडकं?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "पोरी, तू पानी मागितलंस. शेवाळ म्हंजे पानी न्हवं. आन् तितं तुज्या हापिसात चार शिकलेली माणसं. त्यास्नी गाळल्याबिगर पानी देऊ व्हय मी?"

बाटली धुऊ नका, खोलातलं नको, बर्फ विसरू नका, एवढं सगळं मी सांगितलं होतं. गाळू नका हे सांगायचं कुणाला सुचेल? आमच्या छापील सूचनांतही ते नाही. त्या सूचना लिहिणाऱ्यांच्या घरी असे मामा नसणार. मी त्यांची बाटली पेटीत ठेवली आणि दुसरी घेऊन सायीतून भरली. "ती कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही बघते."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "त्यांना सांगू नकोस. गाय गेली ते सोसतील, हे सोसणार नाहीत. मशीन चुकलं म्हणू दे सगळ्यांना." मला त्याचा राग आला, आणि पटलंही. पण मशीन चुकलं असं गावानं धरलं तर पुढच्या खेपेला फलक लावला तरी कोण ऐकणार? दुसऱ्या कुणाचं जनावर पाण्यावर जाईल, नाहीतर एखादं मूल पोहायला उतरेल. मी नुसती आत-बाहेर करत राहिले. ठरवेना.

ठरवायची वेळच आली नाही. मामा स्वतःच प्रयोगशाळेत आले, सोमवार नसताना. चपला काढल्या. टेबलावर दोन काचेच्या बशांत दोन कागद होते. एक पांढरा, एक हिरवागार. मी झाकायला गेले, पण फौजेतली नजर ती. त्यांनी पांढऱ्याकडे बोट केलं. "ही माझी?"

"हो मामा."

"आन् ह्या हिरव्यात इख हाय."

"आहे."

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि उलगडून टेबलावर पसरलं. किती धुतलं असेल त्यांनी ते, स्वतःच्या हातानं, साबण लावून. पण मधल्या घडीत हिरवट डाग तसाच होता. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हितं ऱ्हायलं व्हय सगळं." मी त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही, पण धरला. म्हटलं, "मामा, तुम्ही काही वाईट केलं नाही." ते म्हणाले, "न्हाई गं. मी तुला लय चांगलं पानी दिलं." मॅडम चहा सांगायला उठल्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या.

पुढच्या ग्रामसभेत मामा स्वतः उभे राहिले आणि मशीन बरोबर होतं, पाणी मी गाळून दिलं होतं, असं सगळ्या गावासमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या, कारण त्यांनीही तसंच केलं असतं. आता आमच्या सूचनांत एक ओळ जास्तीची आहे, नमुना गाळू नये. ती वाचून नवीन मुलं हसतात, हे काय सांगायला पाहिजे का म्हणतात.

नमुना अजून मामाच आणतात. मी नको म्हटलं तर म्हणाले, ड्यूटी हाय. आता बाटली हिरवीगार असते, अगदी हवी तशी. पण बसमध्ये ते पेटी पायाशी ठेवतात, आणि बाटली देताना एका हातानं, तोंड दुसरीकडे करून देतात. "घे. घाण हाय." तपासणी चोख होते. आणि मला ती दोन्ही हातांनी दिलेली, काही कामाची नसलेली बाटली आठवते. गोठ्यात दुसरं जनावर आणलेलं नाही. घरात फडकंही दिसत नाही. आत्यांनी विचारलं तर म्हणाले, फिल्टर हाय की.

परवा रविवारी गेले तर मामा उन्हातून आले होते. मी उठले, तांब्या विसळला, कपाटातून धुतलेलं धोतर काढून त्याचं फडकं दुहेरी केलं आणि पाणी गाळून घेतलं. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. त्यांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला नाही. आत बघत राहिले आणि मग म्हणाले, "ह्यातलं काय काढून घेतलंस, पोरी?"